लोहपुरुषांच्या शर्यतीचा पूर्वेतिहास
हवाईतील ओआहू बेटावर, सर्वांत कणखर कोण, पोहणारा, धावणारा की सायकलस्वार, हा वाद 1977 साली रंगला असता, अमेरिकन आरमारातील कमांडर जॉन कॉलिन्स यांनी, तेथे अगोदरपासून चालत असलेल्या तीन शर्यती, म्हणजे वायकीकीच्या समुद्रातील 2.4 मैलांचे पोहणे, बेटाला प्रदक्षिणा घालणारी, 112 मैलांवर आणून ठेवलेली सायकलफेरी आणि होनोलुलूची मॅरेथॉन, एकाच दिवसात सलग पार पाडण्याची योजना मांडली. तीच आजच्या ‘आयर्नमॅन’ची जननी होय. 18 फेब्रुवारी 1978 रोजी 15 जण निघाले, 12 पोहोचले. गॉर्डन हॅलर पावणेबारा तासांहून किंचित अधिक वेळात पहिला आला. मदतनीस ज्याचे त्याने आणावेत, असा शिरस्ता होता. सायकलीनंतर आघाडीवर असलेल्या जॉन डनबारच्या मंडळींजवळचे पाणी संपले, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली, आणि तो दुसरा आला.

परंतु या स्पर्धेचा मनोधर्म खऱ्या अर्थाने प्रकटला तो 1982 च्या फेब्रुवारीत, हवाईतीलच कोना येथे. प्रबंधासाठी म्हणून उतरलेली ज्युली मॉस ही विद्यार्थिनी, विजय दृष्टिपथात असता, गात्रे शिथिल होऊन कोसळली. कॅथलीन मॅकार्टनी पुढे निघून गेली, तरीही ज्युलीने रांगत रांगत अंतिम रेषा गाठली. ते दृश्य दूरचित्रवाणीवर पाहून मार्क ॲलन या खेळाकडे वळला आणि कोनाचे अजिंक्यपद त्याने पुढे सहा वेळा मिळविले.