तीन पिढ्यांची नोंद, एका सकाळची तपासणी

काही आजार वारशाने येतात, पण सरकारदरबारी त्यांची ओळख पटायला शतक-दीड शतक जावं लागतं. हंटिंग्टनचा आजार त्यातलाच.

जॉर्ज हंटिंग्टन या अमेरिकन डॉक्टरने १८७२ साली त्यावर निबंध लिहिला, तेव्हा तो जेमतेम बाविशीत होता. इतक्या कोवळ्या वयात हे कसं जमलं? उत्तर सोपं आहे. लाँग आयलंडवर त्याचे आजोबा आणि वडील डॉक्टरकी करत. एकाच घराण्याच्या पिढ्यान् पिढ्या त्यांनी पाहिल्या होत्या आणि त्यांच्या नोंदी याच्या हाती आल्या. हातापायांची आपोआप होणारी हालचाल तर त्याने लिहिलीच, शिवाय तीन गोष्टी सांगितल्या: आजार आनुवंशिक आहे, तो मनावरही घाला घालतो आणि मोठ्या वयात उफाळतो.

पाहणाऱ्याला मात्र नुसती चाल दिसते. वुडी गथ्री या प्रसिद्ध गायकालासुद्धा आधी दारुडा समजले. निदान झालं १९५२ साली, १९६७ साली तो गेला. आजाराचं जनुक सापडायला १९९३ उजाडलं. आई-वडिलांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी, हेही आता पक्कं माहीत आहे.

आता आपल्याकडचं. १९९५च्या अपंग कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. माझ्या मामाला हा आजार होता. तो पतपेढीत हिशेबनीस. सर्टिफिकेटसाठी गेला तेव्हा हाताची ताकद तपासली. ताकद होतीच हो! नव्हता तो ताबा. सही जुळायची नाही, बेरीज चुकायची, चिडचिड तर विचारू नका. यातलं काहीच त्या सकाळी मोजलं गेलं नाही. टक्के भरले बत्तीस, आणि सवलतींसाठी लागतात चाळीस. दोन वर्षांनी चाळीसच्या वर गेले, तोवर नोकरी गेली होती.

२०१६च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले. दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांत पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांची नावं आहेत. हंटिंग्टनचं नाही. पण ती दोन नावं उदाहरणादाखल आहेत, यादी तिथे संपत नाही. शिवाय एकाहून अधिक अपंगत्व असा स्वतंत्र प्रकारही आहे, म्हणजे शरीर आणि मन दोन्हींचा विचार होऊ शकतो. चाळीस टक्क्यांचा उंबरठा मात्र कायम आहे.

मला वाटतं, खरी अडचण टक्क्यांपेक्षा वेळेची आहे. हा आजार वर्षानुवर्षं पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि तपासणाऱ्याकडे असतात दहा मिनिटं. त्यामुळे पाहण्याचं काम घरच्यांवर येतं. केव्हा पडला, केव्हा सही फिरली, केव्हा रजा घ्यावी लागली, हे तारीखवार लिहून ठेवायचं आणि डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीत त्यांच्या कागदावर आणायचं.

मामेभाऊ आता अडतीस वर्षांचा आहे. जनुकाची टेस्ट त्याने केलेली नाही. करायची की नाही, हा सर्वस्वी त्याचा प्रश्न. मी विचारतही नाही. परवा मामी मामाची जुनी फाईल रद्दीत काढत होती, तेव्हा मात्र मी तिला थांबवलं. म्हटलं, मामी, ती राहू दे.