मेंदूच्या डॉक्टरचं एक तप



आपल्या गटांच्या बैठकांत हल्ली एक प्रश्न निघतो. सायन्स घेतलेली पोर म्हणते, मला डॉक्टर व्हायचंय, तेही मेंदूचं ऑपरेशन करणारी. आई विचारते, किती वर्षं लागतील? कुणीतरी सांगतं, बारा. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग लग्न कधी करायचं?" आज आपण या बारा वर्षांचा इतिहास पाहू. ही वर्षं कुणी ठरवली, त्यात बायका कशा शिरल्या आणि आपल्या लेकींना त्यातून पार पडायला काय लागतं, एवढं समजून घेऊ.

मेंदू, मणका आणि नसा यांची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला न्यूरोसर्जन म्हणतात. मावळाला या डॉक्टरची गरज काय, हे वेगळं सांगायला नको. खंडाळ्याचा घाट आपला, जुना हायवे आपला, 2002 साली पूर्ण झालेला एक्स्प्रेस वेही आपल्याच शिवारातून गेलेला. मोटारसायकल घसरते, कुणी गच्चीवरून पडतं, कुणाचं बीपी वाढून मेंदूत रक्तस्राव होतो. मग गाडी पिंपरी-चिंचवड नाहीतर पुण्याकडे पळवावी लागते. लोणावळ्याहून पुणं साठ-पासष्ट किलोमीटर. डोक्यात रक्त साचत असताना एकेक मिनिट मोलाचं असतं.

हे काम शिकायला वेळ लागतो, ही समज फार जुनी आहे. कार्ला, भाजे, बेडसे इथली लेणी आपल्या रोजच्या पाहण्यातली. ती बौद्ध भिक्खूंसाठी दोन हजार वर्षांपूर्वी कोरली गेली. कार्ल्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत आणि त्यांत बायका आहेत, भिक्खुणीही आहेत. त्याच बौद्ध परंपरेत जीवक वैद्याची कथा सांगतात. जीवक म्हणजे उकिरड्यावर टाकून दिलेलं मूल. अभय नावाच्या राजपुत्रानं त्याला वाढवलं. मोठा झाल्यावर तो तक्षशिलेला वैद्यकी शिकायला गेला. सात वर्षं झाली तरी शिक्षण संपेना, तेव्हा त्यानं गुरूला विचारलं, हे संपणार कधी? गुरू म्हणाले, या नगराभोवती योजनभर फीर आणि औषध नसलेली एक तरी वनस्पती घेऊन ये. जीवक फिरला आणि रिकाम्या हातानं परतला. औषध नसलेलं काही सापडलंच नाही. तीच त्याची परीक्षा.

पुढे राजगृहाच्या एका व्यापाऱ्याचं डोकं सात वर्षं दुखत होतं. जीवकानं त्याला खाटेला बांधलं, डोकं उघडलं, आतले दोन किडे काढले आणि पुन्हा शिवून टाकलं. मग सांगितलं, सात महिने या कुशीवर, सात महिने त्या कुशीवर आणि सात महिने पाठीवर पडून राहायचं. व्यापाऱ्याला प्रत्येक कुशीवर सातच दिवस निघाले, आणि तो बराही झाला. जीवक म्हणाला, मी सात महिने सांगितले नसते तर तू सात दिवसही पडला नसतास! कथा खरी किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण रोग्याचं मन ओळखणं हाही वैद्याच्या शिक्षणाचा भाग असतो, हे त्या काळच्या लोकांना ठाऊक होतं.

आजची पद्धत मात्र अमेरिकेतून आली. बाल्टिमोर शहरात 1889 साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलं. तिथले सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी तरुण डॉक्टरांना वर्षानुवर्षं रुग्णालयातच ठेवून शिकवायची रीत बसवली. रुग्णालयातच राहायचं, म्हणून 'रेसिडेंट', आपल्या भाषेत निवासी डॉक्टर. किती वर्षं राहायचं हे ठरलेलं नसे, आणि राहणारा बिनलग्नाचा असावा अशीच अपेक्षा असे. याच रीतीतून हार्वे कुशिंग तयार झाले. मेंदूच्या शस्त्रक्रियेला वेगळं शास्त्र म्हणून उभं करण्याचं श्रेय त्यांना देतात.

आता नीट बघा. दिवसरात्र रुग्णालयात राहायचं म्हणजे मागं कुणीतरी स्वयंपाक केला, कपडे धुतले, म्हातारी माणसं सांभाळली. ही रीत बसली ती ज्याच्यावर घराचं ओझं नाही अशा माणसाच्या मापानं. बाईच्या मापानं ती कधी बेतलीच गेली नव्हती.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती बचत गटातल्या बाईनं लक्षात ठेवावी अशी आहे. त्या रुग्णालयाला जोडून वैद्यकीय कॉलेज काढायचं होतं आणि पैसा कमी पडत होता. तेव्हा मेरी गॅरेट आणि तिच्या मैत्रिणींनी गावोगावच्या बायकांच्या समित्या करून निधी उभा केला. कमी पडलेली मोठी रक्कम मेरीनं स्वतः घातली. मुख्य अट अशी, मुलींना मुलांच्या बरोबरीनं प्रवेश द्यायचा. अट मान्य झाली आणि 1893 साली कॉलेज सुरू झालं तेव्हा पहिल्याच वर्गात मुली होत्या. बायकांनी नुसतं दान दिलं असतं, तर आभाराचं पत्र आलं असतं. त्यांनी पैशाबरोबर अट घातली, म्हणून दार उघडलं.

आपल्याकडेही असंच दिसतं. आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेला गेल्या आणि 1886 साली डॉक्टर झाल्या. तिकडे कार्पेंटर नावाच्या बाईंनी त्यांना घरात ठेवून घेतलं, आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पण परत आल्यावर 1887 च्या फेब्रुवारीत, बाविसावं वर्ष पुरं होण्याआधीच त्या गेल्या. रखमाबाईंचं लग्न लहानपणी लावून दिलं होतं. नांदायला जायला त्यांनी नकार दिला आणि कोर्टात वर्षानुवर्षं झुंज दिली. पुढे त्यांच्या शिक्षणासाठी लोकांनी वर्गणी जमवली. 1894 साली लंडनहून त्या डॉक्टर झाल्या आणि पुढची कित्येक वर्षं सुरत, राजकोटला त्यांनी बायकांवर उपचार केले. एकीच्या मागे एक घर होतं, दुसरीच्या मागे वर्गणी होती.

मेंदूच्या शस्त्रक्रियेचा भारतातला पहिला विभाग 1949 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चँडी यांनी सुरू केला. हे रुग्णालय काढलं होतं आयडा स्कडर या बाईनं, आणि तिथलं वैद्यकीय शिक्षण 1918 साली सुरू झालं ते मुलींसाठीच. 1958 पासून तिथं न्यूरोसर्जन घडवण्याचं रीतसर शिक्षण सुरू झालं. मुंबईत त्याच दशकात डॉ. राम गिंडे, डॉ. होमी दस्तूर यांनी या कामाचा पाया घातला.

या पुरुषांच्या रांगेत शिरल्या मद्रासच्या डॉ. टी. एस. कनका. 1954 साली एमबीबीएस, 1963 साली एमएस, 1968 साली न्यूरोसर्जरीची एमसीएच. मधे चीनच्या युद्धाच्या काळात सैन्यातही काम केलं. भारतातल्या पहिल्या महिला न्यूरोसर्जन त्याच. त्यांचा जन्म 31 मार्च 1932 चा. आनंदीबाईंचाही जन्म 31 मार्चचाच, सालच तेवढं 1865. तारखेचा हा योगायोग, पण एकीला डॉक्टर झाल्यावर पुरतं एक वर्षही मिळालं नाही आणि दुसरीनं अख्खं आयुष्य हे काम केलं. कनकाबाई 2018 साली गेल्या.

आता आजची शिडी. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. मग नीट परीक्षा, 720 गुणांची, आणि ती मराठीतूनही देता येते. एमबीबीएस साडेपाच वर्षं, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेजातून शिकलं तर त्यानंतर वर्षभर सरकारी सेवेचा बाँड. पुढे नीट पीजी देऊन तीन वर्षं एमएस, मग नीट एसएस देऊन तीन वर्षं एमसीएच. किंवा एमबीबीएसनंतर सरळ सहा वर्षांचा न्यूरोसर्जरीचा अभ्यासक्रम. कसंही मोजलं तरी एक तप होतं. अठराव्या वर्षी चढायला लागलेली पोर तिशीत पोहोचते.

पण एक गैरसमज काढून टाका. बारा वर्षं आईबापानं पोसायचं असं नाही. इंटर्नशिपमध्ये आणि पुढे निवासी डॉक्टर असताना दरमहा विद्यावेतन मिळतं. पोर शिकता शिकता कमावते. म्हणजे खरी ओढाताण पहिल्या साडेचार-पाच वर्षांची. त्यातही 2024-25 पासून राज्य सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, मराठा आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली आहे.

कामाच्या तासांचंही सांगायला हवं. 1992 च्या केंद्राच्या आदेशानुसार निवासी डॉक्टरला सलग बारा तासांपेक्षा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम असू नये. प्रत्यक्षात ते पाळलं जात नाही, म्हणून 'मार्ड' ही निवासी डॉक्टरांची संघटना पुन्हा पुन्हा आवाज उठवते. 2023 च्या नियमांत आठवड्याची सुट्टी आणि बाळंतपणाची रजा आहे. ती मागणं म्हणजे उपकार मागणं नाही, हे लेकीला माहीत हवं.

आणि एक जड गोष्ट. 2019 साली डॉ. पायल तडवी या जळगावच्या आदिवासी मुलीनं मुंबईत शिकत असताना आत्महत्या केली. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, प्रकरण कोर्टात गेलं. ती स्त्रीरोगशास्त्र शिकत होती, पण निवासी डॉक्टरचं जगणं सगळीकडे तसंच असतं. लेक फोनवर "बरंय" म्हणाली की तेवढ्यावर थांबू नका. झोप किती झाली, जेवलीस का, कोण कसं बोलतं, हे विचारा. त्रास असेल तर रॅगिंगविरोधी समितीकडे लेखी तक्रार करता येते.

आता आपल्या गटांनी काय करायचं? आमची सूचना तीन ठरावांची आहे. पहिला, अकरावीला प्रवेश घेतानाच उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमिलेअरचा दाखला आणि जात पडताळणी, ज्यांना जे लागू असेल ते, करून घ्यायचं. वडगावच्या कचेरीत ऐनवेळी धावून जागा हातची जाते. दुसरा, गटात शिक्षणनिधी वेगळा ठेवायचा. दहा जणींनी महिन्याला पन्नास-पन्नास रुपये बाजूला काढले तरी वर्षाला सहा हजार होतात. परीक्षेचा फॉर्म, प्रवास, पुस्तकं यांना तेवढा आधार पुरतो. आणि मेरी गॅरेटसारखी अट घालायची. निधी घेणाऱ्या घरानं शिक्षण पुरं होईपर्यंत मुलीवर लग्नाची सक्ती करायची नाही. तिनं स्वतः ठरवून लग्न केलं तर सासरनं तिचं शिक्षण सोडवायचं नाही.

तिसरा ठराव पैशाचा नाही. लेक ड्युटीवर असताना तिच्या आईच्या आजारपणात, भात लावणीत, घरच्या कार्यात तिची जागा गटातल्या कुणीतरी भरायची. जुन्या रुग्णालयांनी हे काम कधी मोजलं नाही. आपण ते इतिवृत्तात नावानिशी लिहायचं.

येत्या मासिक बैठकीत हे तीन ठराव वाचून दाखवा, सह्या घ्या आणि कोणत्या गटानं कोणता ठराव केला ते आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात आम्ही ते वाचून दाखवू.