रसायनशास्त्राची पुस्तके : गोदावरीच्या अलीकडची आणि पलीकडची

मराठीत 'किमया' म्हणजे जादू. उर्दूत 'कीमिया' म्हणजे रसायनशास्त्र. मूळ शब्द एकच, अरबीतला अल-कीमिया. तोच युरोपात गेला, त्याची अल्केमी झाली आणि पुढे केमिस्ट्री. आपण मराठी मुसलमान या दोन्ही शब्दांचे वारस आहोत. शाळेत कीमिया शिकतो आणि बाजारात किमया ऐकतो. पण आपल्या घरात रसायनशास्त्राचे एखादे वाचनीय पुस्तक शोधायला गेले, तर हाताला काय लागते? दहावीचे गाईड. पारनेरसारख्या तालुक्याच्या गावी उर्दू शाळेत विज्ञान शिकवताना पालकांचा एकच प्रश्न वारंवार ऐकू येतो : "सर, पोराला सायन्सला घालायचं आहे, पुस्तक कोणतं घेऊ?" या साध्या प्रश्नाला पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्याला ठाऊक नाही, म्हणून उत्तर देताना आपण गाईडच्या दुकानापाशी थांबतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आपल्या सभा-संमेलनांत जाबिर बिन हय्यान यांचे नाव हमखास घेतले जाते, टाळ्या पडतात आणि विषय संपतो. जाबिर यांच्या नावावर शेकडो ग्रंथ आहेत. त्यांतले खरोखर त्यांचे किती, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ वाद चालू आहे. तो वाद कोणी सभेत सांगत नाही. मला विचाराल तर शाळेतल्या मुलांना जाबिर यांच्या आधी अबू बक्र राझी यांची ओळख करून द्यावी. आजच्या तेहरानजवळच्या रय गावचे हे हकीम 925 च्या सुमारास वारले. त्यांच्या 'किताबुल असरार' या ग्रंथाच्या नावात 'असरार' म्हणजे गुपिते असली, तरी आतला मजकूर मात्र कारखानदाराच्या वहीसारखा रोखठोक आहे. पदार्थांचे तीन वर्ग : खनिज, वनस्पतिज आणि प्राणिज. खनिजांचे पुन्हा सहा गट. त्यानंतर उपकरणांची यादी : भट्टी, भाता, मूस, सांडशी, अर्क काढायचे अंबीक. यांतली निम्मी उपकरणे आजही सराफ गल्लीतल्या कारागिराच्या पुढ्यात दिसतात. राझींचाही हलक्या धातूचे सोने होते यावर विश्वास होता, हे लपवायचे कारण नाही. त्यांच्यानंतर शंभर वर्षांच्या आत इब्न सीना यांनी ती गोष्ट अमान्य केली. आपल्याच परंपरेत एकाने दुसऱ्याला खोडून काढले, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

राझींचे हे काम आधुनिक जगापुढे येण्यात हिंदुस्थानचा मोठा हात आहे. एच. ई. स्टेपलटन हे बंगालमधील शिक्षण खात्यातले इंग्रज अधिकारी. त्यांनी आर. एफ. आझो आणि मौलवी हिदायत हुसेन यांना बरोबर घेऊन रामपूरच्या ग्रंथालयातली हस्तलिखिते तपासली आणि 1927 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीतर्फे दहाव्या शतकातील इराक-इराणच्या रसायनविद्येवर प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी 1902 मध्ये प्रफुल्लचंद्र रॉय यांनी हिंदू रसायनविद्येच्या इतिहासाचा पहिला खंड काढला होता. दोन्ही कामे शेजारी ठेवून वाचली, तर पारा आणि गंधक यांनी धर्म विचारला नव्हता हे लक्षात येते.

आता आपल्या मुलखात येऊ. अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर, ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होता. गोदावरी ओलांडली की निजामाचे राज्य सुरू व्हायचे. नदीच्या अलीकडे रसायनशास्त्र मराठीत आले, पलीकडे उर्दूत. दोन्ही काठांवर खटपट जवळजवळ सारखीच झाली आणि दोन्ही काठांना एकमेकांची फारशी खबर नव्हती.

मराठीतली सुरुवात 1830 च्या दशकातली. मुंबईच्या हरी केशवजी पाठारे यांनी इंग्रजीतले रसायनशास्त्रावरचे संवाद मराठीत उतरवले. मूळ पुस्तक जेन मार्सेट या बाईंचे, 1806 चे. पहिल्या आवृत्त्यांवर लेखिकेचे नावसुद्धा नव्हते. एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्यातले हे बोलणे. मुली शंका विचारतात, बाई प्रयोग करून दाखवतात. हेच पुस्तक लंडनमध्ये बुकबाइंडरकडे उमेदवारी करणाऱ्या एका लोहाराच्या मुलाच्या हाती पडले. बांधणीला आलेली पुस्तके तो वाचून काढायचा. त्या मुलाचे नाव मायकेल फॅरडे. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही त्याने मार्सेटबाईंचे ऋण कायम मान्य केले. ज्या पुस्तकाने फॅरडे घडवला, ते फॅरडेच्या हयातीतच मराठीत आले होते. आपल्या किती विज्ञान शिक्षकांना हे माहीत आहे?

दुसरे नाव कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडक यांचे (1847-1906). राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवणाऱ्या या गृहस्थांनी मराठीत विज्ञानाची पुस्तके एकामागून एक लिहिली. सेंद्रिय आणि निरिंद्रिय रसायनशास्त्र मराठीत मांडताना शब्दच नव्हते, ते त्यांना घडवावे लागले. पण आपल्या वाचकांनी मोडकांना आणखी एका कारणासाठी ओळखायला हवे. याच माणसाने दक्षिणेतील मुसलमानी राज्यांचा इतिहास मराठीत लिहिला. बहामनी, आदिलशाही यांच्याबद्दल मराठी वाचकाला सलग माहिती मिळावी म्हणून रसायनाच्या प्राध्यापकाने लेखणी उचलली. आज असा लेखक कोणत्या विभागात बसवायचा, हा प्रश्न ग्रंथपालाला पडेल.

पारनेरचे नाव रसायनाशी जोडले गेले ते मात्र वेगळ्याच पोथीमुळे. सेनापती बापट यांचा जन्म इथला, 1880 चा. शिष्यवृत्तीवर विलायतेला गेलेले बापट पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या शिकले. सोबत बंगालचे हेमचंद्र दास आणि मिर्झा अब्बास होते. रशियन भाषेतली ती माहितीपुस्तिका इंग्रजीत करवून, प्रती काढून 1908 च्या सुमारास हिंदुस्थानात आणली गेली. बापटांचे नाव आमच्या गावात सगळे घेतात; मिर्झा अब्बास यांचे नाव घेणारा मला अजून भेटायचा आहे. त्या पुस्तिकेची शिफारस अर्थातच मी करत नाही. रसायनाच्या ज्ञानासाठी माणसे भाषा आणि देश ओलांडून जात होती, एवढ्यापुरता हा उल्लेख.

आता नदी ओलांडू. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत उर्दूतल्या विज्ञानाचे एक मोठे ठाणे होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती नाही. मौलवी अब्दुल हक तिथे शिक्षण खात्यात होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे दफ्तर त्यांच्याबरोबर 1913 मध्ये औरंगाबादला आले आणि वीस वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिले. 1917 मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी उस्मानिया विद्यापीठाचा फर्मान काढला. सगळे विषय उर्दूतून शिकवायचे ठरले, विज्ञानसुद्धा. पण पुस्तके कुठे होती? म्हणून आधी दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतर खाते उघडले आणि त्याची सुरुवातीची सूत्रे अब्दुल हक यांच्याकडे आली. या खात्यातून पुढे तीनशेहून अधिक पुस्तके निघाली. त्यांत इंटरमीजिएट ते पदवीपर्यंतची रसायनशास्त्राची पुस्तकेही होती. पुढे शायर जोश मलिहाबादी यांनीही तिथे नोकरी केली.

शब्द घडवायचे कसे, यावर तिथे जोरदार वाद झाले. एका गटाला सगळे शब्द अरबीतून हवे होते. पानिपतचे वहीदुद्दीन सलीम यांचे म्हणणे वेगळे होते : उर्दू ही इथली भाषा आहे, तिच्या स्वतःच्या घडणीतून शब्द काढा. 1921 च्या 'वजा-ए-इस्तिलाहात' या पुस्तकात त्यांनी ते सविस्तर मांडले. 'बर्क' म्हणजे वीज, तर विद्युतभारित करणे याला सरळ 'बर्काना' म्हणा, असा हा विचार. मराठीत संस्कृतनिष्ठ की सोपे शब्द, हे जे भांडण आजही चालते, तेच तिकडे अरबी की देशी या रूपात चालले होते.

1928 साल तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या एकाच वर्षी औरंगाबादहून अंजुमनने 'साइन्स' हे उर्दू त्रैमासिक सुरू केले आणि पुण्याहून 'सृष्टिज्ञान' हे मराठी मासिक निघाले. गो. रा. परांजपे यांच्यासारखे विज्ञानाचे प्राध्यापक 'सृष्टिज्ञान'मागे होते. दोन गावांत अंतर अडीचशे किलोमीटरच्या आत. आमचे पारनेर पुणे-औरंगाबाद रस्त्यापासून फार दूर नाही.

उस्मानियाचे गोडवे गाताना एक बाजू आपण विसरतो, ती सांगायला हवी. निजामाच्या राज्यात बहुसंख्य रयतेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला उच्च शिक्षणासाठी उर्दूचा डोंगर चढावा लागे. मातृभाषेतून विज्ञान हे तत्त्व उस्मानियाने सिद्ध केले खरे, पण ते सर्वांच्या मातृभाषेला लागू केले नाही. सप्टेंबर 1948 नंतर विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले आणि तीस वर्षांची पुस्तके कपाटात गेली. माझ्या मते ती गेली हे सर्वांचेच नुकसान झाले, फक्त उर्दूवाल्यांचे नव्हे.

या इतिहासाचा आजच्या मुलाशी संबंध काय? रोजचा आहे. उर्दू शाळेतल्या बालभारतीच्या पुस्तकात उनसुर, मुरक्कब, आमेजा, तुर्शा, असास हे शब्द येतात. ते बहुतेक त्याच खटपटीचे फळ. मराठीत हेच मूलद्रव्य, संयुग, मिश्रण, आम्ल, आम्लारी. इथवर ठीक. पण आमचा मुलगा हिंदीही वाचतो, आणि तिथे गंमत होते. मराठीत अणू म्हणजे उर्दूतला जौहर, रेणू म्हणजे सालिमा. हिंदीत मात्र 'अणु' म्हणजे सालिमा आणि जौहरला 'परमाणु'. मराठीत क्षार म्हणजे नमक, तर हिंदीत क्षार म्हणजे जवळजवळ त्याच्या उलट गटातला पदार्थ. नमकाला तिथे 'लवण'. दहावीपर्यंत मुलगा ही कसरत करतो आणि अकरावीला सायन्स घेतले की सगळेच इंग्रजी. पहिल्या सहामाहीत कित्येक हुशार मुले-मुली आर्ट्सला वळतात, मुली जास्त. त्यांना रसायन जमत नाही असे नसते. ज्या शब्दांनी ते त्यांच्या डोक्यात मांडलेले असते, ते शब्द एका रात्रीत निरुपयोगी होतात.

म्हणून पुस्तके सुचवताना मी भाषेची शिडी डोळ्यांपुढे ठेवतो. पहिले पुस्तक फॅरडेचेच, मेणबत्तीवरचे. 1860 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी दिलेली सहा व्याख्याने 1861 मध्ये पुस्तकरूपाने आली. ज्योत का जळते, धूर म्हणजे काय, पाणी कुठून येते, हवेत काय आहे, एवढ्यावर सबंध रसायनशास्त्र उभे केले आहे. इंग्रजी जुने आहे, मुलाला एकट्याला झेपणार नाही. शिक्षकाने वाचावे आणि वर्गात मेणबत्ती लावून मराठी-उर्दूत सांगावे. विझलेल्या मेणबत्तीच्या पांढऱ्या धुराला वरून काडी लावली की ज्योत धुरातून खाली उडी मारते. हा प्रयोग पाहिलेले मूल 'वाफ जळते, वात नव्हे' हे पाठ न करता सांगते. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठीत आणि उर्दूतही मुलांसाठी विज्ञानाची पुस्तके फुकट आहेत. लहान वर्गांना ती पुरेत.

आठवी ते दहावीसाठी बालभारतीची मराठी आणि उर्दू पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. दोन्ही संकेतस्थळावर मिळतात. शंका आली की मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली उभ्या राहिलेल्या या कोशात मूलद्रव्यांवरच्या नोंदी अजूनही वाचण्याजोग्या आहेत, काही आकडे तेवढे जुने झाले. दिल्लीहून 1994 पासून मोहम्मद अस्लम परवेझ यांनी काढलेल्या 'साइन्स' या उर्दू मासिकाचे जुने अंक कुणाकडे सापडले तर सोडू नयेत.

अकरावीच्या मुलाला मी एनसीईआरटीचे रसायनशास्त्र उर्दूत आणि इंग्रजीत, असे दोन्ही देतो. उर्दू आवृत्ती आहे हेच आपल्या अनेक शिक्षकांना माहीत नसते. एक पान उर्दूत, तेच पान इंग्रजीत. तीन महिन्यांत भीती जाते. रद्दीच्या किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचे ग्लिंका यांचे जनरल केमिस्ट्री दिसले, तर जी किंमत मागतील ती द्यावी. सोव्हिएत संघ गेला तशी ती स्वस्त पुस्तकेही गेली. आणि ज्याला परीक्षेपलीकडे वाचायचे आहे, त्याने ऑलिव्हर सॅक्स यांचे 'अंकल टंगस्टन' वाचावे. धातूंच्या प्रेमात पडलेल्या मुलाची ती आठवण आहे. प्रिमो लेव्ही यांचे 'द पीरिऑडिक टेबल' मात्र मोठेपणी वाचावे. छळछावणीतून वाचलेल्या ज्यू रसायनतज्ज्ञाचे ते पुस्तक आहे, मुलांसाठी नाही.

उस्मानियाची जुनी पुस्तके आता रेख्ताच्या संकेतस्थळावर स्कॅन होऊन आली आहेत. ती शिकण्यासाठी कालबाह्य आहेत, शब्दांसाठी नाहीत. आमच्या नववीच्या वर्गात मुले एका वहीत तीन रकाने पाडून उर्दू, मराठी आणि इंग्रजी शब्द लिहितात, आणि अडले की हीच पुस्तके उघडतात. आत्ता वही 'गिरफ्त, संयुजा, व्हॅलन्सी'पर्यंत आली आहे.