लंडन अंडरग्राउंडची देखभाल वाहने

लंडन अंडरग्राउंडची देखभाल वाहने ही लंडनमधील भुयारी रेल्वेचे रूळ, बोगदे व विद्युतव्यवस्था यांची तपासणी आणि दुरुस्ती करण्यासाठी वापरली जाणारी वाहने होत. त्यांतून प्रवासी वाहतूक होत नाही. वाहनावरील इंग्रजी आद्याक्षरे व क्रमांक यांवरून त्याचे कार्य ओळखता येते. रंग ही खात्रीची खूण नव्हे; बॅटरी इंजिने पूर्वी गडद तांबडी होती, पुढे ती पिवळ्या रंगात आली.

पार्श्वभूमी

या रेल्वेत गाड्यांना वीजपुरवठा धावत्या रुळांखेरीज असलेल्या दोन विद्युतवाहक रुळांतून होतो. त्यांपैकी एक मध्यभागी व दुसरा बाजूला असतो. हे रूळ जिवंत असताना मार्गावर काम करणे प्राणघातक ठरते. म्हणून रात्री प्रवासी गाड्या थांबल्यावर वीजप्रवाह बंद करून मोजक्या तासांत दुरुस्ती केली जाते. मात्र वीज बंद होताच विजेवरील गाडीही जागीच थांबते. खोल बोगद्यांचा अंतर्गत व्यास सुमारे ३.५६ मीटर असल्याने डिझेल इंजिनाचा धूरही तेथे साचून राहतो. या अडचणीवरील मुख्य उपाय म्हणजे बॅटरी इंजिन. ते वीज चालू असताना विद्युतवाहक रुळांवर व बंद असताना बॅटरीवर चालते.

आद्याक्षरांनुसार प्रकार

* एल : बॅटरी इंजिने व इतर स्वयंचलित वाहने. साहित्याच्या वाघिणींच्या दोन्ही टोकांना सामान्यतः एकेक बॅटरी इंजिन जोडतात. त्यामुळे परतताना इंजिन फिरवावे लागत नाही.
* टीएमएम : रूळमार्ग देखभाल यंत्रे. स्लीपरखालील खडी दाबून रूळ समपातळीत आणणारी यंत्रे यांत मोडतात.
* टीआरसी : रुळांची स्थिती मोजून नोंदवणारा डबा.
* टीसीसी : बोगदे स्वच्छ करणाऱ्या गाडीचे डबे. केस, कपड्यांचे धागे व लोखंडाची भुकटी यांचा ज्वलनशील थर ही गाडी शोषून घेत असे.
* ईएसएल : उघड्यावरील विद्युतवाहक रुळांवरचा बर्फ काढणारी इंजिने, ती १९०३ च्या प्रवासी डब्यांपासून तयार केली होती.
* एचडब्ल्यू : खडी वाहून नेणाऱ्या व खाली सोडणाऱ्या वाघिणी.

ओळखण्यातील अडचणी

अनेक देखभाल वाहने निवृत्त प्रवासी डब्यांपासून बनवलेली असल्यामुळे केवळ आकारावरून गल्लत होते. रूळनोंदणी गाडीचे एल १३२ व एल १३३ हे डबे मुळात १९६० च्या बनावटीचे प्रवासी डबे होते, तर त्यांच्यामधील टीआरसी ६६६ हा १९७३ च्या बनावटीचा होता. अशा वेळी बाह्यरूपापेक्षा क्रमांकच अधिक विश्वसनीय ठरतो.