गाडी थांबते तेव्हा उष्णता कोठे जाते?

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राज्य परिवहनाची पहिली बस धावली. एस.टी.चा इतिहास सांगताना ही तारीख हटकून सांगितली जाते. बस सुटली कधी, हे त्यामुळे सर्वांना ठाऊक असते. ती थांबली कशी, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः वाहनाच्या इतिहासात धावण्यापेक्षा थांबण्याचा प्रश्न अधिक अवघड ठरला आहे. आज अनेक हौशी वाहनमालक सुट्टीच्या दिवशी अंगणात गाडी जॅकवर चढवून ब्रेकच्या डिस्क आणि पॅड स्वतःच बदलतात. त्यांच्या हातातील त्या दोन वस्तूंमागे सव्वाशे वर्षांची खटपट आहे.

प्रथम हिशेब करू. १,००० किलोग्रॅमची मोटार ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा २ लाख जूल होते. ब्रेक दाबला की ही ऊर्जा नष्ट होत नाही. घर्षणामुळे तिची उष्णता होते. थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढच्या चाकांना अधिक काम पडते. त्यांच्या वाट्याला ७० टक्के ऊर्जा आली आणि पुढच्या दोन बिडाच्या डिस्कचे वजन मिळून १० किलोग्रॅम असले, तर एकदा थांबल्याने त्यांचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सिअसने वाढेल. यात घाबरण्यासारखे काही नाही.

आता हीच गाडी घाटात आणू. नगर–पाथर्डी रस्त्यावरचा करंजी घाट, संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट, औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) रस्त्यावरचा इमामपूर घाट ही नावे या जिल्ह्यातील वाहनचालकांच्या परिचयाची आहेत. कोणत्याही घाटात १०० मीटर उंची उतरताना वेग वाढू दिला नाही, तर ९ लाख ८० हजार जूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. ही जवळजवळ पाच वेळा थांबण्याची उष्णता झाली. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, तर हवेचा व रस्त्याचा थोडा विरोध सोडता हा सगळा भार ब्रेकवर पडतो. वाऱ्याने डिस्क थंड झाल्याच नाहीत असे धरले, तर त्यांचे तापमान सुमारे १३७ अंशांनी वाढेल. खालच्या गिअरमध्ये उतरले की यातील बराच वाटा इंजिन उचलते. ‘ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा’ हा चालकांचा जुना दंडक म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच होय.

बैलगाडीच्या काळीही हा प्रश्न होता. घाट उतरताना गाडीवान आडवे लाकूड दोराने आवळून चाकांवर घासत. इंग्लंडातील डर्बीशायरच्या डोंगराळ भागातही घोडागाड्यांची हीच अडचण होती. तेथे हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाने १८९७ च्या सुमारास लाकडी ठोकळ्यांवर बसवण्यासाठी अधिक टिकाऊ अस्तर शोधायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे ‘फेरोडो’ हे नाव प्रसिद्धीस आले. प्रथम सुती विणीचे, रसायनात भिजवलेले अस्तर वापरात होते, पण वाढत्या वेगाची उष्णता सुताला सोसेना. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याची जागा अॅस्बेस्टॉसने घेतली.

डिस्क ब्रेकची कल्पनाही याच काळातील. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले. परंतु त्याने वापरलेल्या तांब्याच्या पट्ट्या फार कर्कश आवाज करीत आणि लवकर झिजत. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनॉ याने ड्रम ब्रेक पुढे आणला. यंत्रणा झाकलेली, धूळ-चिखलापासून सुरक्षित. पुढची पन्नास वर्षे ड्रमचीच ठरली. नगरला आलेली ती पहिली बसही ड्रम ब्रेकवरच थांबली.

ड्रमची अडचण घाटात कळते. ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजेच आतून दाबणाऱ्या शूपासून दूर जातो; शिवाय तापलेल्या लायनरचे घर्षण कमी होते. पाय तितकाच दाबावा आणि गाडी मात्र थांबू नये, असा तो अनुभव असतो. डिस्क उघड्यावर फिरत असल्याने लवकर थंड होते आणि प्रसरण पावली तरी पॅडच्या दिशेनेच पावते. १९५३ मध्ये ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जग्वार सी-टाइप गाडीने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली, तेव्हा हा फायदा जगाला दिसला. १९५५ मध्ये सित्रोएन डीएस या मोटारीला पुढच्या चाकांवर डिस्क आल्या. भारतातील मध्यमवर्गीय घराला मात्र त्यांची ओळख व्हायला १९८३ मध्ये मारुती ८०० यावी लागली.

या कथेला एक काळी बाजू आहे. अॅस्बेस्टॉसचे अतिसूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन रुततात. त्यांच्यामुळे होणारे रोग अनेकदा काही दशकांनंतर प्रकट होतात. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा ती सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला, तो याचसाठी. युरोपीय संघाने २००५ पासून अॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. रस्त्याकडेच्या गॅरेजात मात्र ब्रेकची धूळ हवेच्या नळीने फुंकून काढणारा पोरगा आजही दिसतो. प्रवाशांना थांबवून देणाऱ्या या विद्येची किंमत त्याने का मोजावी? जुन्या गाडीच्या लायनरमध्ये काय आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी, आणि नवे पॅड घेताना ते अॅस्बेस्टॉसविरहित असल्याची खात्री करावी.

नगरला या विषयात आणखी एक स्थान आहे. फाळणीच्या वेळी रावळपिंडीजवळील चकलाल्याहून नगरला आलेल्या लष्करी वाहन-तपासणी कार्यालयातून येथील वाहन संशोधन व विकास संस्था वाढली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२६ व्या नियमात नव्या वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थांत तिचे नाव आहे. म्हणजे कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या नमुन्याचे ब्रेक कोणीतरी मोजून पाहते. अंगणात बदललेल्या ब्रेकचा परीक्षक मात्र तो बदलणाराच असतो!

म्हणून त्याने काही गोष्टी कारणांसह जाणून घ्याव्यात. जमीन सपाट असावी. जमिनीवरच्या चाकांना दगड लावावेत. गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावी, कारण जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. काढलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. आतून इजा झालेली नळी बाहेरून चांगलीच दिसते. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. तिच्याहून पातळ झालेली डिस्क कमी उष्णता साठवते, म्हणून तितकीच जास्त तापते. डिस्क आणि पॅड डाव्या-उजव्या चाकांचे जोडीनेच बदलावेत, अन्यथा गाडी एका बाजूस ओढते. पिस्टन मागे ढकलल्यामुळे पहिल्यांदा पेडल थेट खाली जाते. ते पुन्हा घट्ट लागेपर्यंत गाडी जागची हलवू नये. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, ओलावा शिरलेल्याचा १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. घाटात ते उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. यांतील एखाद्या गोष्टीविषयी जरी शंका असली, तरी काम जाणत्या मेकॅनिककडे सोपवावे.

वर्गात यासाठी मोटार लागत नाही. सायकल स्टँडवर उभी करून एका विद्यार्थ्याला पेडल फिरवू द्यावे, दुसऱ्याने मागचा ब्रेक हलका दाबून धरावा. मिनिटभराने, चाक पूर्ण थांबल्यावरच, ब्रेकच्या रबराला बोट लावून पाहावे. मग विचारावे, ‘पेडल मारण्याचे तुझे कष्ट गेले कोठे?’ उत्तर बोटाला लागलेलेच असेल.