रेडिस क्लायंट लायब्ररी म्हणजे काय? अ‍ॅप आणि डेटाबेस जोडताना काय लक्षात ठेवावे?

मोबाइलवर लॉगिन करताना आलेला ओटीपी काही मिनिटांत बाद होतो. खरेदीच्या वेबसाइटवर बास्केटमध्ये टाकलेली वस्तू पान बदलले तरी तिथेच राहते. अशी छोटी, तात्पुरती आणि क्षणात हवी असणारी माहिती अनेकदा की-व्हॅल्यू डेटाबेसमध्ये ठेवलेली असते. रेडिस हा त्यांतला सर्वांत परिचित डेटाबेस. अ‍ॅपचा प्रोग्रॅम आणि रेडिस यांच्यामध्ये आणखी एक घटक काम करत असतो. त्याला क्लायंट लायब्ररी म्हणतात. ती नेमके काय करते, तिच्या कोणत्या सेटिंग्जकडे लक्ष द्यावे आणि ती चुकली तर काय होऊ शकते, हे या लेखात पाहू.

(कमांडची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.)

की-व्हॅल्यू डेटाबेस म्हणजे काय?

नेहमीच्या डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यांत, म्हणजे ओळी आणि रकान्यांत असते. की-व्हॅल्यू डेटाबेसची रचना शब्दकोशासारखी असते. एक की द्यायची आणि तिच्यासमोरची व्हॅल्यू घ्यायची. रेडिस हे नावही 'रिमोट डिक्शनरी सर्व्हर' या शब्दांवरून आले आहे. इटलीतील प्रोग्रॅमर साल्व्हातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये ते प्रसिद्ध केले.

रेडिस माहिती मुख्यतः मेमरीत, म्हणजे रॅममध्ये ठेवते. त्यामुळे उत्तर फार लवकर मिळते. साध्या मजकुराशिवाय याद्या, संच, हॅश असे प्रकारही त्यात ठेवता येतात. कोणत्याही कीला मुदत घालता येते आणि मुदत संपली की ती आपोआप नाहीशी होते. ओटीपीसाठी हेच हवे असते.

क्लायंट लायब्ररी काय करते?

रेडिस हा वेगळा चालणारा सर्व्हर असतो आणि तो साधारणपणे ६३७९ या पोर्टवर ऐकत असतो. त्याची स्वतःची संदेशभाषा आहे, तिचे नाव 'रेस्प'. पायथन किंवा जावामध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमला ही भाषा येत नाही. क्लायंट लायब्ररी दुभाष्याचे काम करते. तिची मुख्य कामे अशी:

- सर्व्हरशी कनेक्शन उघडणे, पासवर्ड देणे आणि कनेक्शन सांभाळणे
- प्रोग्रॅममधील कमांड रेस्पमध्ये लिहून पाठवणे
- आलेले उत्तर प्रोग्रॅमच्या भाषेतील आकडा, मजकूर किंवा यादी यांत बदलून देणे
- कनेक्शन तुटले, उत्तर आले नाही किंवा सर्व्हर बदलला, तर काय करायचे ते ठरवणे

पहिली तीन कामे बहुतेक लायब्ररी विनातक्रार करतात. खरा फरक चौथ्या कामात पडतो.

रेस्प भाषेचा एक नमुना

समजा 'शहर' या कीसमोर 'पुणे' ही व्हॅल्यू ठेवायची आहे. त्यासाठी 'सेट' ही कमांड वापरतात. लायब्ररी पाठवते तो संदेश तारांकन आणि ३ या आकड्याने सुरू होतो. याचा अर्थ पुढे तीन भाग आहेत. प्रत्येक भागाआधी डॉलरचे चिन्ह आणि त्या भागाची लांबी बाइटमध्ये दिलेली असते. कमांडचे नाव रोमन लिपीत ३ बाइटचे, 'शहर' ९ बाइटचे आणि 'पुणे' १२ बाइटचे. सगळे ठीक झाले तर सर्व्हर अधिकचे चिन्ह आणि 'ओके' एवढेच उत्तर देतो. चूक असेल तर उत्तर वजाच्या चिन्हाने सुरू होते.

'पुणे' हा दोन अक्षरांचा शब्द १२ बाइटचा कसा? यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि 'पुणे'मध्ये प, उकार, ण आणि एकार अशी चार चिन्हे आहेत. रेडिस फक्त बाइट मोजते, लिपी ओळखत नाही. मराठी मजकूर साठवणाऱ्यांनी यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, रेडिसने सांगितलेली लांबी म्हणजे अक्षरांची संख्या नव्हे. दोन, पायथनमधील रेडिस-पाय ही लायब्ररी मूळ सेटिंगमध्ये मजकुराऐवजी कच्चे बाइट परत देते, त्यामुळे 'पुणे'च्या जागी सांकेतिक आकड्यांची माळ दिसते. माहिती खराब झालेली नसते. उत्तर मजकुरात बदलून देण्याची सेटिंग चालू केली की अक्षरे नीट दिसतात.

कनेक्शन कसे जोडतात?

लायब्ररीला सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. २०२० मध्ये आलेल्या रेडिस ६ पासून वेगवेगळे वापरकर्ते तयार करून प्रत्येकाला ठरावीक कमांड आणि ठरावीक कीच वापरू देता येतात. त्याच आवृत्तीत टीएलएस, म्हणजे सांकेतिक रूपात संदेश पाठवण्याची सोयही आली.

सुरक्षेसाठी तीन नियम पाळावेत. पासवर्ड प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये लिहू नये, बाहेरच्या सेटिंगमधून घ्यावा. रेडिसचे पोर्ट इंटरनेटवर सर्वांना उघडे ठेवू नये. सर्व्हर दुसऱ्या नेटवर्कवर असेल तर टीएलएस वापरावे.

कनेक्शन पूल

प्रत्येक कमांडसाठी नवे कनेक्शन उघडले तर जोडणी आणि पासवर्ड तपासणी यांतच वेळ जातो. म्हणून लायब्ररी काही कनेक्शने आधीच उघडून ठेवते. काम आले की त्यांतले एक घ्यायचे, काम झाले की परत ठेवायचे. या साठ्याला कनेक्शन पूल म्हणतात.

पूल फार छोटा असेल तर कामे रांगेत थांबतात. जावातील जेडिस लायब्ररीच्या पूलमध्ये मूळ सेटिंगनुसार फक्त ८ कनेक्शने असतात. गर्दीच्या वेळी डेटाबेस रिकामा असूनही अ‍ॅप संथ का, याचे कारण कधी कधी इथे सापडते. पूल फार मोठाही नको. अ‍ॅपच्या २० प्रती चालू असतील आणि प्रत्येकीचा पूल ५० चा असेल तर सर्व्हरवर १,००० कनेक्शने होतात.

सगळ्याच लायब्ररी अशा चालत नाहीत. जावातील लेट्यूस आणि डॉटनेटमधील स्टॅकएक्सचेंज.रेडिस या लायब्ररी एकाच कनेक्शनवरून अनेकांची कामे पाठवतात. त्यामुळे एका लायब्ररीचा सल्ला दुसरीला जसाच्या तसा लावू नये.

उत्तरांचा क्रम चुकला तर?

सर्वसाधारण रेस्प संदेशांवर क्रमांक नसतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पहिले, दुसऱ्याचे दुसरे, एवढ्याच विश्वासावर सारे चालते. कोणते उत्तर कोणाचे, हा हिशेब लायब्ररीने ठेवायचा असतो.

हा हिशेब चुकल्याचे एक मोठे उदाहरण सार्वजनिक नोंदीत आहे. २० मार्च २०२३ रोजी ओपनएआय या कंपनीने चॅटजीपीटी काही काळ बंद ठेवले, कारण काही जणांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षके दिसू लागली होती. कंपनीने नंतर दिलेल्या माहितीनुसार दोष रेडिस-पाय लायब्ररीच्या असिंक्रोनस भागात होता. कमांड पाठवल्यानंतर, पण उत्तर वाचण्याआधी एखादे काम रद्द झाले, तर ते कनेक्शन तसेच पूलमध्ये परत जात होते. न वाचलेले उत्तर त्यात अडकून राहत होते. पुढचे काम ते कनेक्शन घेऊन स्वतःचा प्रश्न विचारी आणि त्याला आधीच्या माणसाचे उत्तर मिळे.

उत्तराचा प्रकार अपेक्षेप्रमाणे नसेल तर बहुतेक वेळा चूक उघड होत असे. प्रकार जुळला, तर मात्र उत्तर खरे मानले जाई. त्या दिवशी सर्व्हरमधील एका बदलामुळे रद्द होणाऱ्या कामांची संख्या वाढली आणि दोष उघडकीस आला. नऊ तासांच्या काळात सक्रिय असलेल्या प्लस सदस्यांपैकी १.२ टक्के लोकांची पैसे भरण्यासंबंधीची काही माहिती इतरांना दिसली असण्याची शक्यता कंपनीने जाहीर केली. पूर्ण कार्ड क्रमांक मात्र उघड झाले नव्हते.

यातून निघणारे नियम साधे आहेत. काम अर्धवट राहिले तर त्याचे कनेक्शन पूलमध्ये परत न ठेवता बंद करावे. चांगली लायब्ररी हे स्वतःच करते, म्हणून तिच्या दुरुस्त आवृत्त्या वेळेवर घ्याव्यात. आणि खासगी माहिती साठवताना व्हॅल्यूमध्येच वापरकर्त्याची ओळख ठेवावी आणि वाचल्यावर ती जुळते का, हे अ‍ॅपने तपासावे.

टाइमआउट आणि पुन्हा प्रयत्न

टाइमआउट म्हणजे किती वेळ वाट पाहायची, याची मर्यादा. जोडणी होण्यासाठी एक आणि उत्तर येण्यासाठी दुसरी, अशा दोन मर्यादा असतात. दोन्ही स्वतः ठरवून द्याव्यात. मर्यादाच नसेल तर नेटवर्क अडकल्यावर अ‍ॅपही अडकून बसते.

टाइमआउट झाला म्हणजे कमांड अमलात आली नाही, असे समजू नये. ती सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नसेल, किंवा पोहोचून पूर्ण झाली असेल आणि फक्त उत्तर वाटेत हरवले असेल. लायब्ररीला हा फरक कळत नाही. तरीही अनेक लायब्ररी अशा वेळी कमांड आपोआप पुन्हा पाठवू शकतात.

समजा एका कार्यक्रमाची ३०० तिकिटे आहेत आणि शिल्लक आकडा रेडिसमध्ये आहे. तिकीट विकले की 'डिकर' कमांडने आकडा एकने कमी होतो. कमांड पूर्ण झाली, उत्तर हरवले आणि लायब्ररीने ती पुन्हा पाठवली, तर आकडा दोनने कमी होईल. तिकीट एकच विकले गेले, पण एक खुर्ची हिशेबातून गेली.

'सेट' कमांड दोनदा गेली तरी निकाल सहसा तोच राहतो. आकडा वाढवणाऱ्या, कमी करणाऱ्या किंवा यादीत भर घालणाऱ्या कमांडचे तसे नाही. म्हणून तिकिटांच्या उदाहरणात आकड्याऐवजी प्रत्येक बुकिंगचा क्रमांक एका संचात ठेवणे चांगले. तोच क्रमांक पुन्हा टाकला तरी संचात तो एकदाच राहतो. 'जागा आहे का' हे पाहणे आणि क्रमांक टाकणे ही दोन्ही कामे एका छोट्या लुआ स्क्रिप्टमध्ये लिहून सर्व्हरवर चालवली, तर त्यांच्या मध्ये दुसरी कमांड घुसू शकत नाही. क्रमांक आधीच संचात असेल तर स्क्रिप्टने 'बुकिंग झाले आहे' असेच उत्तर द्यावे. मग पुन्हा प्रयत्न करणे सुरक्षित होते.

पुन्हा प्रयत्न करताना मधले अंतर वाढवत न्यावे: १००, २००, ४०० मिलिसेकंद असे. शिवाय त्यात थोडा अनियमित फरक ठेवावा. नाहीतर सर्व्हर पुन्हा सुरू होताच सगळी अ‍ॅप्स एकाच क्षणी त्याच्यावर तुटून पडतात.

पाइपलाइन

एका कमांडच्या जाण्यायेण्याला १ मिलिसेकंद लागत असेल, तर एकामागून एक १,००० कमांडना निदान १ सेकंद लागेल. पाइपलाइनमध्ये लायब्ररी उत्तराची वाट न पाहता अनेक कमांड पाठवते आणि उत्तरे एकत्र वाचते. प्रवासाचा वेळ वाचतो. मात्र पाइपलाइन म्हणजे 'सगळे किंवा काहीच नाही' नव्हे. त्यांतली एखादी कमांड चुकली तरी बाकीच्या चालतात, म्हणून प्रत्येक उत्तर तपासावे.

क्लस्टर असेल तर

माहिती एका सर्व्हरवर मावत नसेल तेव्हा रेडिस क्लस्टर वापरतात. त्यात सगळ्या की १६,३८४ खणांत विभागतात आणि खण वेगवेगळ्या सर्व्हरांना वाटून देतात. कोणती की कोणत्या खणात, हे लायब्ररी स्वतः मोजते. चुकीच्या सर्व्हरकडे गेली तर तो 'मूव्ह्ड' असे सांगून योग्य पत्ता देतो. यासाठी लायब्ररीचा क्लस्टरसाठीचा क्लायंट वापरावा लागतो. साध्या क्लायंटला 'मूव्ह्ड' ही निव्वळ चूक वाटते. एका कमांडमध्ये अनेक की असतील तर त्या एकाच खणात असाव्या लागतात. त्यासाठी त्यांच्या नावातील समान भाग महिरपी कंसात लिहितात.

कोणत्या भाषेसाठी कोणती लायब्ररी?

- पायथन: रेडिस-पाय
- जावा: जेडिस, लेट्यूस
- नोड-जेएस: नोड-रेडिस, आयओरेडिस
- पीएचपी: पीएचपीरेडिस, प्रेडिस
- गो: गो-रेडिस
- डॉटनेट: स्टॅकएक्सचेंज.रेडिस
- सी: हायरेडिस

मार्च २०२४ मध्ये रेडिसच्या परवान्याच्या अटी बदलल्या. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली 'व्हॅल्की' हा त्याचा मुक्त अवतार सुरू झाला. तो रेस्प भाषाच बोलतो, त्यामुळे वरील लायब्ररींची नेहमीची कामे त्याच्याशीही होतात.

अ‍ॅप लोकांसाठी खुले करण्यापूर्वी तपासा

- दोन्ही टाइमआउट ठरवले आहेत का?
- पूलचा आकार गुणिले अ‍ॅपच्या प्रती, हा आकडा सर्व्हरला झेपेल का?
- आपोआप पुन्हा पाठवल्या जाणाऱ्या कमांड दोनदा चालल्या तरी चालेल का?
- रद्द झालेल्या कामाचे कनेक्शन लायब्ररी बंद करते का?
- चाचणी सुरू असताना रेडिस मुद्दाम बंद करून अ‍ॅप काय करते, ते पाहिले आहे का?

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बाकीच्या चारांची उत्तरेही बहुतेक वेळा त्या एका चाचणीतच दिसून येतात.