जैन परंपरा, नाट्यकला आणि बालसंस्कार

बालकांना कोणते नाटक दाखवावे आणि कोणते दाखवू नये, हा प्रश्न आजच्या श्रावक-श्राविकांना नवा वाटत असला, तरी जैन समाजात तो फार प्राचीन आहे. ग्रंथ वाचावा लागतो, प्रवचन समजून घ्यावे लागते. नाटक मात्र डोळ्यांदेखत घडते आणि कोवळ्या मनावर चटकन ठसते. पूर्वाचार्यांनी या कलेला सरसकट संमती दिली नाही, तशी तिच्यावर सरसकट बंदीही घातली नाही. त्यांनी अवलंबिलेला मार्ग समजून घेणे आज उपयुक्त ठरेल.

प्रथम निषेधाची बाजू पाहू. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती हे एक व्रत आहे. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत 'दुःश्रुती'ची गणना केली आहे. राग, द्वेष, मद, काम, मिथ्यात्व यांनी चित्त कलुषित करणारे श्रवण म्हणजे दुःश्रुती होय. बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'च्या तिसऱ्या प्रकाशात केवळ कुतूहलापोटी गीत, नृत्य, नाटक पाहणे हा प्रमाद मानला. त्याच ओघात त्यांनी द्यूत आणि मद्य यांचाही उल्लेख केला आहे. एवढेच वाचणाऱ्यास वाटेल, की जैन घराला रंगभूमी वर्ज्यच असावी.

परंतु इतिहासाची दुसरी बाजू तितकीच ठळक आहे. त्याच हेमचंद्राचार्यांचे पट्टशिष्य रामचंद्रसूरी हे संस्कृतातील नामवंत नाटककार होते. 'नलविलास', 'सत्यहरिश्चंद्र' यांसारखी नाटके त्यांनी रचली आणि गुणचंद्रांसमवेत 'नाट्यदर्पण' हा नाट्यशास्त्रीय ग्रंथ सिद्ध केला. गुरूंनी ज्यास प्रमाद म्हटले, त्याच क्षेत्रात शिष्याने कीर्ती मिळविली. वरवर पाहता हा विरोध भासतो. तथापि गुरूंच्या वचनातील 'कुतूहलापोटी' हा शब्द महत्त्वाचा आहे. दोष नाटकात नाही, हेतूशून्य पाहण्यात आहे, असा त्याचा आशय घेता येतो.

राजा कुमारपालाच्या मृत्यूनंतर अल्पावधीतच मंत्री यशःपाल यांनी 'मोहराजपराजय' हे पाच अंकी नाटक लिहिले. थारापद्र, म्हणजे गुजरातेतील आजचे थराद, येथील कुमारविहारात महावीरस्वामींच्या यात्रोत्सवात त्याचा प्रयोग झाला. त्यात सद्गुण आणि दुर्गुण हीच पात्रे आहेत. राजाचा विवाह कृपासुंदरीशी, म्हणजे करुणेशी, होतो. द्यूत, मद्य, मांस आदी व्यसने राज्याबाहेर घालविली जातात आणि मोहराजाचा पराभव होतो. नाटक मंदिराच्या आवारात, उत्सवाच्या मंगल प्रसंगी आणि संपूर्ण समाजाच्या साक्षीने झाले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

पालकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे नाटक म्हणजे रामभद्रमुनींचे 'प्रबुद्धरौहिणेय'. हे सहा अंकी नाटक जालोर येथील आदिनाथ भगवंतांच्या मंदिरासाठी रचले गेले. त्याच्या कथेच्या मुळाशी एका पित्याने पुत्राला घातलेली बंदीच आहे. राजगृहीच्या परिसरातील चोर लोहखुर मरतेसमयी रौहिणेयाला बजावतो, की महावीरांची वाणी कधीही ऐकू नकोस. पुत्र आज्ञाधारक असतो. समवसरणाजवळून जाताना तो कानांवर हात ठेवून धावतो. पण पायात काटा रुततो. काटा काढण्यास हात खाली येतो आणि देवांची लक्षणे सांगणारे काही शब्द कानी पडतातच. देवांचे पाय भूमीला टेकत नाहीत, डोळ्यांची पापणी लवत नाही, माळा कोमेजत नाहीत, अंगास घाम येत नाही.

पुढे चोर पकडला जातो. अभयकुमार त्याला मद्याने बेशुद्ध करून एका प्रासादात ठेवतात आणि नट-नर्तकींकरवी स्वर्गाचा देखावा उभा करतात. आपण देवलोकात जन्मलो या भ्रमात तो पूर्वकर्मे सांगेल, अशी ती युक्ती असते. परंतु रौहिणेय पाहतो तो या 'देवां'चे पाय भूमीवर आहेत आणि माळा कोमेजल्या आहेत. अनिच्छेने ऐकलेल्या त्या शब्दांनी त्याला खोटा देखावा ओळखता येतो. तो सुटतो आणि अखेर प्रभूंच्या चरणी येऊन प्रव्रज्या घेतो. कान झाकून पुत्र सुरक्षित राहत नाही. खरे-खोटे पारखण्याची खूण जवळ असली, की तो मायावी रंगमंचावरही फसत नाही.

उत्तम नाटकाचेही भय वाटू शकते, हे आषाढभूतीच्या कथेतून कळते. मुनिपद सोडून नट झालेल्या आषाढभूतीने भरत चक्रवर्तींचे नाटक सादर केले. आरसेमहालाच्या प्रसंगात बोटातील अंगठी गळाली आणि अभिनय करता करता त्याला केवलज्ञान झाले. त्याच्यासह पाचशे राजपुत्रांनी दीक्षा घेतली. पुढे तेच नाटक पाहून आणखी तरुण विरक्त होऊ लागले, तेव्हा पृथ्वी क्षत्रियहीन होईल या भीतीने लोकांनी त्याची पोथी जाळली, असे परंपरा सांगते. त्या लोकांमध्ये कुणाचे तरी आईवडीलही असतीलच. मुलाने धर्म पाहावा, पण त्यात हरवून जाऊ नये, ही त्यांची व्याकुळता आजही अपरिचित नाही.

महाराष्ट्रात ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'ने मराठी रंगभूमीची मुहूर्तमेढ रोवली गेली. जैन वस्तीच्या या मुलखात रंगमंचावर रामकथा आली. पण विमलसूरींच्या 'पउमचरियं'त व रविषेणांच्या 'पद्मपुराणा'त रावण हा राक्षस नसून विद्याधर आहे आणि त्याचा वध लक्ष्मणाच्या हातून होतो. अशा वेळी बालकाचा 'खरे कोणते?' हा प्रश्न स्वाभाविकच. १९५९ मध्ये सुधा करमरकर यांनी रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले आणि मराठी बालरंगभूमीला नवे वळण मिळाले. पुढे राक्षस आणि चेटकिणीही मुलांच्या आवडत्या झाल्या. दुसरीकडे पाठशाळांतून चंदनबाला, मैनासुंदरी, इलाचीकुमार यांच्या नाटिका बालकांनीच सादर केल्या.

या इतिहासातून पालकांना तीन कसोट्या मिळतात. नाटक कोणत्या हेतूने पाहावयाचे? त्यातील हास्य वा शौर्य कुणाच्या पीडेवर उभे आहे काय? आणि ते पाहून आल्यावर बालकाशी बोलण्यास घरात कुणाला सवड आहे काय? यांतील तिसरी कसोटी सर्वांत कठीण, कारण तिचा भार नाटककारावर नसून आईवडिलांवर आहे. लोहखुराने पुत्राला केवळ मनाई दिली, विवेक दिला नाही. बालकाच्या हाती तो विवेक देणे, हेच श्रावकाचे खरे बालसंस्कारव्रत होय.

॥ जैनं जयतु शासनम् ॥